एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही? 'गॅस भरा' म्हणण्याआधी हे तपासा

एप्रिल उजाडला, पारा चाळिशीकडे सरकला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते. एसी चालू आहे, पण गार वाटत नाही. मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो, काटा बघतो आणि निकाल देतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." खिशाला काही हजारांची चाट बसते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच फोन, तेच गेज आणि तोच निकाल.

यात एक साधी गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळतोय. आणि अनेकदा तो कमी झालेलाच नसतो, फक्त फिल्टरच्या जाळीवर धूळ साचलेली असते.

हा फरक कळला तर पैसे वाचतात, वीज वाचते आणि मशीनही जास्त वर्षं टिकतं. म्हणून एसी काम कसा करतो, बिघडला तर आधी काय बघायचं आणि मेकॅनिकला काय विचारायचं, हे एकदा नीट समजून घेऊ. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो स्प्लिट एसी, म्हणजे भिंतीवर एक युनिट आणि बाहेर एक. त्याबद्दलच इथे बोलू.

एसी नेमकं करतो काय?

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून घराबाहेर नेऊन टाकतो.

हे काम गॅस करतो. त्याला उष्णता वाहणारा हमाल समजा. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये तो द्रवरूपात येतो, खोलीतली उष्णता शोषतो आणि त्याची वाफ होते. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, त्यामुळे ती खूप गरम होते. बाहेरचा पंखा त्या गरम कॉइलवरून हवा फिरवतो, उष्णता बाहेर पडते आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. तो द्रव परत आत येतो. तांब्याच्या बंद नळ्यांमधून या खेपा सतत चालू राहतात. हमाल खेपा करतो, खर्च होत नाही.

आतली कॉइल गार असल्यामुळे हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन साचते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. हेच पाणी ड्रेन पाईपमधून बाहेर ठिबकतं. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणीही काढू शकतो. किनाऱ्यावर एसी लावला की बरं वाटतं, त्यात तापमानाइतकाच हवा कोरडी होण्याचा वाटा असतो.

आणि हा 'टन' काय आहे? ते मशीनचं वजन नाही. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांनी गारवा मिळवण्याच्या काळातलं हे माप अजून चालू आहे.

काटा 'गॅस कमी' दाखवतो, मग तो खोटा कसा?

काटा खोटं बोलत नाही. पण तो गॅस मोजत नाही, दाब मोजतो. गोंधळ इथेच होतो.

जाळी किंवा कॉइल धुळीने भरलेली असेल, तर आतल्या कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. हवा नाही, म्हणजे गॅसला शोषायला उष्णता मिळत नाही. उष्णता नाही, म्हणजे गॅसची वाफ कमी होते आणि दाब उतरतो. गॅस कमी असतानाही दाब असाच उतरतो. कारणं दोन वेगळी, पण काट्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

इन्व्हर्टर एसीत आणखी एक भानगड आहे. त्यातला कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे दाबही सतत बदलत राहतो. त्यावर पाच मिनिटं गेज लावून काढलेला निष्कर्ष फारसा भरवशाचा नाही.

याचा परिणाम काय होतो? भरलेल्या मशीनमध्ये वरून आणखी गॅस घातला, तर कॉम्प्रेसरवरचा ताण वाढतो, तो जास्त वीज खातो आणि कुलिंग उलट कमी होऊ शकतं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी जाळी आणि दोन्ही कॉइल स्वच्छ करायच्या आणि मग गेज लावायचं.

मेकॅनिकला फोन करण्याआधी पाच गोष्टी

१. रिमोट बघा. ऐकायला बाळबोध वाटेल, पण मोड 'फॅन' किंवा 'ड्राय'वर गेलेला असणं हे अगदी नेहमीचं कारण आहे. कुलिंगसाठी बर्फाच्या चांदणीचं चिन्ह असलेला 'कूल' मोड हवा. लाइट जाऊन आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही. त्याच्या सुरक्षेसाठी साधारण तीन मिनिटांचा थांबा ठेवलेला असतो. तेवढा वेळ द्या.

२. जाळी काढा. मुख्य स्विच बंद करा, आतल्या युनिटचं पुढचं झाकण वर उचला, जाळ्या खाली ओढून काढा. उजेडासमोर धरा. आरपार दिसत नसेल तर तुमचं उत्तर बहुतेक सापडलं. साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत बसवा. गरम पाण्याने किंवा कडक उन्हात प्लास्टिक वाकतं. उन्हाळ्यात हे काम दर पंधरा दिवसांनी करायचं. रस्त्यालगत घर असेल, शेजारी बांधकाम चालू असेल किंवा घरात कुत्रा-मांजर असेल, तर आठवड्याला.

३. बाहेरच्या युनिटला श्वास घेता येतोय का? त्याच्यासमोर कपडे वाळत घातलेत का, वर पत्रा ठोकलाय का, मागे कबुतरांनी घरटं केलंय का, ते खिडकीतून बघा. बंदिस्त डक्टमध्ये किंवा सगळ्या बाजूंनी ग्रिलच्या पेटीत बसवलेलं युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. मग उष्णता टाकणार कुठे?

४. तापमान मोजा. एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, ताप मोजायचा नाही, खोलीचा किंवा स्वयंपाकघरातला. दारं-खिडक्या बंद करा, एसी १८ अंशांवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवून १५ मिनिटं चालू द्या. मग युनिटच्या वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर मशीन आपलं काम करतंय. हवा फार दमट असेल तर हा फरक थोडा कमी येतो. पण तो दोन-तीन अंशच असेल, तर बिघाड नक्की आहे.

५. खोली बघा. फरक चांगला आहे, तरी खोली गार होत नाही? मग दोष मशीनचा नसेल. वरच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब, पश्चिमेची काचेची खिडकी, दाराखालची फट, एका टनावर टाकलेला दोन खोल्यांचा भार, यांपैकी काहीतरी असेल. जाड पडदा आणि दाराखाली गुंडाळलेलं फडकं अशा वेळी गॅसपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

लक्षणावरून कारण ओळखा

आतून पाणी ठिबकतंय: हा बहुतेक वेळा गॅसचा प्रश्न नसतो. ड्रेन पाईपमध्ये शेवाळ आणि धुळीचा चिखल साचलेला असतो. पाईप मध्येच वर उचललेला असला किंवा युनिट उलट्या बाजूला झुकलेलं असलं, तरी पाणी मागे येतं. पाणी साठवायला पाईपचं टोक बादलीत ठेवत असाल, तर ते टोक पाण्याखाली बुडू देऊ नका. हवा अडकते आणि वरून येणारं पाणी थांबतं.

कॉइलवर बर्फ: 'बर्फ जमतोय म्हणजे मशीन जोरात आहे' असं वाटतं, पण गोष्ट उलटी आहे. हवा कमी पडते किंवा गॅस गळतो, तेव्हा कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावरचं पाणी गोठतं. कूल मोड लगेच बंद करा, फक्त फॅन चालवून बर्फ वितळू द्या, जाळी धुवा. टोकदार वस्तूने बर्फ खरवडू नका, नळीला भोक पडेल. जाळी आणि कॉइल स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ जमला, तर मात्र गळतीची शंका घ्यायला हरकत नाही.

कुबट वास: ओल्या कॉइलवर आणि मागच्या ब्लोअरवर बुरशी धरते. एसी बंद करण्याआधी २०-३० मिनिटं फॅन मोडवर चालवला तर आतला भाग वाळतो. काही मॉडेलमध्ये हे काम 'ऑटो क्लीन' करतं. वास गटारासारखा असेल, तर ड्रेन पाईप बाथरूमच्या सांडपाण्याच्या लाइनला थेट जोडलाय का, ते बघा. जळका वास आला, तर काहीही तपासत बसू नका. आधी एमसीबी पाडा.

आवाज: 'सर्रर्र' असा वाहण्याचा आवाज गॅसचा असतो. सुरू किंवा बंद करताना होणारी टकटक गार-गरम होणाऱ्या प्लास्टिकची असते. दोन्हींची काळजी नको. खडखडाट म्हणजे ढिला स्क्रू, धुळीने जड झालेला ब्लोअर किंवा झिजलेलं बेअरिंग.

एमसीबी पडतोय: एकदा पडला तर उचलून बघा. पुन्हा पडला तर थांबा. बाहेरची कॉइल धुळीने भरली की कॉम्प्रेसरचा भार वाढतो, वायरिंग ढिलं असू शकतं किंवा कॉम्प्रेसरच शॉर्ट झालेला असू शकतो. एसीचा प्लग गरम लागत असेल, तर तोही धोक्याचा इशारा आहे. एसीला स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्डवर एसी चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

गॅस खरंच गळत असेल तर?

तेव्हा नुसता भरणं हा उपाय नाही. भोक असलेल्या बादलीत पाणी ओतल्यासारखं ते होतं. योग्य कामाचे टप्पे चार आहेत.

पहिला, गळती शोधणं. नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबाने भरतात आणि जोडांवर साबणाचा फेस लावतात. बुडबुडा आला की जागा सापडली. तेलकट डाग हीसुद्धा खूण असते, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीच वापरायचा नसतो. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले, तर स्फोट होऊ शकतो.

दुसरा, गळती बंद करणं. नट नीट आवळून, जोड नव्याने करून किंवा कॉइल बदलून.

तिसरा, व्हॅक्यूम करणं. नळ्यांत शिरलेली हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी लागते. ही पायरी गाळली, तर आतली ओल पुढे कॉम्प्रेसरच खराब करते.

चौथा, वजन करून गॅस भरणं. कुठला गॅस आणि किती ग्रॅम, हे बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. लांब पाईपसाठी थोडी भर पडते. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच भरायचा.

पट्टीवरचं गॅसचं नाव वाचणं हा सुरक्षेचाही भाग आहे. जुन्या मशीनमधला आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. आर-४१०ए चा दाब त्याच्यापेक्षा बराच जास्त असतो. हल्लीच्या बहुतेक एसीत आर-३२ असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे. काही मॉडेलमध्ये आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन, तो सहज पेट घेतो. त्यामुळे 'हा नाही मिळाला, दुसरा टाकतो' हे चालवून घेऊ नका. नळीत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावणंही नाही.

गळणाऱ्या गॅसचा हिशेब आपल्या खिशापुरता राहत नाही. आर-३२ हवेत सुटला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट तापमानवाढ करतो आणि आर-४१०ए दोन हजार पटींहून जास्त. खोली गार करायला दरवर्षी भरलेला गॅस बाहेरचा उन्हाळा वाढवत असतो.

समुद्र आणि नाल्याजवळ राहणाऱ्यांसाठी

काही घरांत गॅस खरोखरच वारंवार गळतो. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेने कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि जोड गंजतात. उघड्या नाल्याजवळ कारण वेगळं असतं. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्यासारखा वास, तांब्याला काळं पाडतो आणि हळूहळू बारीक छिद्रं करतो.

अशा ठिकाणी तांब्याच्या कॉइलवर गंजरोधक थर असलेलं मॉडेल घ्या, बाहेरचं युनिट वर्षातून जास्त वेळा साध्या पाण्याने धुऊन घ्या आणि कॉइलची वॉरंटी किती वर्षांची आहे, हे घेतानाच वाचा. वॉरंटीत गॅसचा खर्च धरलाय की नाही, हे वेगळं बघावं लागतं.

हे स्वतः करू नका

जाळी धुणं, झाकण पुसणं, ड्रेन पाईपचं टोक साफ करणं, एवढं घरी करता येतं. त्यापुढे थांबा.

बाहेरच्या युनिटचं झाकण उघडू नका. त्यातला कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही विजेचा भार धरून ठेवू शकतो. व्हिडिओ बघून आतल्या युनिटवर पाण्याचा फवारा मारू नका, सर्किट बोर्डात पाणी गेलं तर धुण्यापेक्षा बोर्ड महाग पडतो. आणि काहीही झालं तरी खिडकीच्या ग्रिलवर किंवा छज्जावर उतरू नका. मेकॅनिक सेफ्टी बेल्टशिवाय चौथ्या मजल्यावर लटकत असेल, तर त्यालाही थांबवा. आपल्या खोलीच्या गारव्यासाठी कुणी जीव धोक्यात घालायची गरज नाही.

वर्षभराचं वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च: पूर्ण वेट सर्व्हिस, म्हणजे आतली-बाहेरची कॉइल, ब्लोअर, ट्रे आणि ड्रेन पाईप धुणं. एप्रिलमध्ये मेकॅनिक मिळणं कठीण आणि तो घाईतही असतो.

एप्रिल-जून: दर पंधरा दिवसांनी जाळी.

पावसाळा: उकाडा कमी, पण हवा दमट असेल तेव्हा 'ड्राय' मोड पुरतो. विजा कडाडत असतील तर प्लग काढा. किनारपट्टीवर पावसाळ्यानंतर आणखी एक सर्व्हिसिंग करून घ्या.

हिवाळा: बंद करण्याआधी काही तास फॅन चालवून आतला भाग वाळवा, एमसीबी बंद करा, रिमोटचे सेल काढा. बाहेरचं युनिट प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि उंदरांना आयतं घर मिळतं.

बिलाचं गणित

एसीवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते १६०० तासांच्या वापरासाठी असतात. समजा लेबलवर ९६० युनिट आहेत, तर तासाला सरासरी ०.६ युनिट. रोज आठ तास चालवला तर महिन्याला १४४ युनिट. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर बदलतात, त्यामुळे एसीचे युनिट तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलतात का, ते महत्त्वाचं. हे आकडे स्वच्छ मशीनचे आहेत. धूळ साचलेला एसी त्याच गारव्यासाठी जास्त वेळ पळतो.

जानेवारी २०२० पासून देशातल्या स्टार लेबलच्या घरगुती एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १६ वर ठेवल्याने तापलेली खोली २४ वर लवकर पोहोचत नाही, मशीन सुरुवातीला दोन्ही वेळा पूर्ण जोरातच चालतं. फक्त नंतर थांबत नाही. २४-२६ अंश आणि सोबत छताचा पंखा मंद, हे बहुतेक घरांत पुरेसं होतं.

मेकॅनिकला हे चार प्रश्न विचारा

बहुतेक मेकॅनिक मेहनती असतात आणि सीझनमध्ये दिवसाला कितीतरी घरं करतात. घाईत सोपा मार्ग निघतो, एवढंच. त्यामुळे भांडण नको, शांतपणे विचारा.

- "दादा, जाळी आणि कॉइल धुतल्यानंतर गेज लावलं का?"
- "गळती कुठे आहे, ते दाखवता का?"
- "व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणलाय ना?"
- "किती ग्रॅम भरला आणि किती दिवसांची गॅरंटी, हे बिलावर लिहून द्याल?"

तिसऱ्या प्रश्नाला 'त्याची गरज नाही' असं उत्तर आलं, तर काम थांबवून दुसरा माणूस बोलावणं शहाणपणाचं. बिल जपून ठेवा. ठरलेल्या मुदतीत पुन्हा गळती झाली आणि कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तिथे तोंडी आश्वासनापेक्षा लेखी बिलाला वजन असतं.